'किरण' हे नाव मुलाचे की मुलीचे?

नावांविषयीची पत्रे या सदराकडे बारमाही येतात. त्यांतली बहुतेक 'अमुक अक्षरावरून चार-पाच नावे सुचवा' एवढ्यापुरती असतात आणि त्यांची उत्तरे थेट टपालाने जातात. या खेपेस मात्र पंधरा दिवसांच्या आत चार पत्रे अशी आली, की त्यांचा विषय एकच होता किंवा फिरून त्याच विषयाला येऊन भिडत होता, आणि तो म्हणजे 'किरण' हे नाव. अंबाबाईच्या देवळातला नोव्हेंबरचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोचण्याचा सोहळा, नुकताच झाला असल्यामुळे हा शब्द सध्या कोल्हापुरात घरोघरी तोंडी आहे, हे त्यामागचे एक कारण असावे. म्हणून या अंकातले सदर एका नावालाच दिले आहे. उत्तरे देणाऱ्याची पात्रता विचाराल तर तो मूळचा रत्नागिरीकडचा, कोल्हापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे, आणि ती एकतीस वर्षे त्याने रोज सकाळी हजेरीपटावरची नावे पुकारली आहेत.

प्रश्न : आमच्या नातीचा जन्म १० नोव्हेंबरचा, म्हणजे किरणोत्सवाच्या मधल्या दिवसाचा. माझे यजमान त्या संध्याकाळी देवळातच होते आणि नात झाल्याचा फोन त्यांना गरुड मंडपातल्या गर्दीत आला. तेव्हापासून त्यांनी 'किरण' हे एकच नाव धरून ठेवले आहे. सूनबाईंनाही ते पसंत आहे. मुलगा म्हणतो की हे पुरुषाचे नाव आहे आणि शिवाय जुने झाले आहे. त्याच्या ऑफिसात दोन किरण आहेत, दोघेही पुरुष आणि दोघेही पन्नाशीला आलेले. बाळाची आत्या, म्हणजे माझी मुलगी, 'कियारा' म्हणून अडून बसली आहे. या घोळात बाराव्या दिवशीचे बारसे पुढे गेले. मुलीला किरण नाव ठेवले तर तिला जन्मभर खुलासे करीत बसावे लागेल का?
एक आजी, राजारामपुरी

उत्तर : आजी, आपल्या चिरंजीवांचे आक्षेप दोन आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. हे पुरुषाचे नाव आहे, हा पहिला आक्षेप फारसा टिकत नाही. हे नाव जुने झाले, हा दुसरा बराचसा खरा आहे. पण तो खरा असल्यामुळेच मला स्वतःला आज हे नाव ठेवावेसे वाटेल. ते कसे, ते पुढे सांगतो.

संस्कृतात 'किरण' हा शब्द पुल्लिंगी आहे, यात शंका नाही. अमरकोशात त्याचे प्रतिशब्द ओळीने दिले आहेत : किरण, उस्र, मयूख, अंशु, गभस्ति, घृणि, रश्मि, भानु, कर, मरीचि आणि दीधिति. कोशकाराने तिथेच सांगून ठेवले आहे की मरीचि हा शब्द स्त्रीलिंगात व पुल्लिंगात दोन्हीकडे चालतो आणि दीधिति स्त्रीलिंगी आहे, बाकीचे पुल्लिंगी. इथवर चिरंजीवांची सरशी. परंतु याच यादीतला 'रश्मि' हा शब्दही पुल्लिंगी आहे आणि रश्मी नावाचा पुरुष मला एकतीस वर्षांच्या हजेरीपटांत एकदाही भेटला नाही. उलट ज्या मरीचीला कोशकाराने दोन्हीकडचा परवाना दिला, ते नाव पुराणातल्या एका ऋषीपाशीच राहिले. त्याच्याकडे ना मुलांचे आईबाप वळले, ना मुलींचे. 'ज्योतिस्' हा मूळ शब्द तर नपुंसकलिंगी. त्यातून आपल्याकडे ज्योती ही मुलगी झाली आणि ज्योतिराम हा मुलगा झाला, आणि दोघांपैकी कोणालाही व्याकरणाने अडवले नाही.

खुद्द मराठीतही हा शब्द पुरता पुल्लिंगी राहिलेला नाही. 'आशेचा किरण' म्हणताना आपण त्याला पुरुष मानतो; पण 'सूर्याचे किरण' म्हणणारे जितके, तितकेच 'सूर्याची किरणे' म्हणणारे, म्हणजे त्याला नपुंसकलिंगात लोटणारे. निबंधाच्या वह्यांत मी 'किरणे' लाल शाईने खोडीत असे आणि पुढच्या निबंधात ती पुन्हा उगवत असत.

आता खुलाशांचे पाहू. मराठीत नावाने सांगितले नाही तरी क्रियापद सांगतेच : किरण आला, किरण आली. नात्याचे शब्द सांगतात : किरणदादा, किरणताई. लाडाने किंवा रागाने मारलेली हाक तर हमखास सांगते. शीख समाजात बहुतेक नावे मुलामुलींना सारखीच असतात आणि पुढच्या 'सिंग' व 'कौर' या शब्दांवर भागते. आपल्याकडे ते काम वाक्यातले बाकीचे शब्द करतात. १९८७ साली माझ्याकडच्या आठवीच्या एका तुकडीत तीन किरण होते, दोन मुलगे आणि एक मुलगी. मधल्या सुटीत ग्राउंडवर कोणी 'किरण्या' म्हणून ओरडले की दोन माना वळत आणि 'किरणेऽ' म्हणून ओरडले की एक. या दोन हाकांची कधी अदलाबदल झाल्याचे मला आठवत नाही.

कोल्हापूरची म्हणून एक अडचण मात्र आहे आणि ती मी लपवणार नाही. इथल्या मुली आणि बायका स्वतःविषयी बोलताना सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी चाललो' म्हणतात. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, ''सर, मी वही विसरलो.'' मी तिला क्रियापद सुधारून पुन्हा बोलायला सांगितले, तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, की चूक बहुधा माझीच असावी असे मला वाटून गेले. आपली नात उद्या फोनवर ''मी किरण बोलतोय'' म्हणाली, तर नावही सांगणार नाही आणि क्रियापदही सांगणार नाही. पलीकडच्या माणसाला आवाजाखेरीज आधार उरणार नाही. तिला खुलासा करावा लागेल तो फोनवर आणि छापील अर्जावर. समोरासमोर तशी वेळ येणार नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. ज्या तुकडीत तीन किरण होते, ती मुले १९७४च्या आसपास जन्मलेली. नव्वदीचे दशक सरता सरता वर्गात एखादाच किरण दिसू लागला, आणि निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत तर हे नाव माझ्या हजेरीपटातून साफ गेले. गेले म्हणजे नाहीसे झाले नव्हते. ते दाखल्यावरच्या वडिलांच्या नावाच्या रकान्यात जाऊन बसले होते. एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला त्याचे वडील आले, तर तो माझाच 'किरण्या' निघाला, डोक्यावरचे केस निम्मे गेलेला.

असे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या आधीच्या पिढीत दत्तात्रय, पांडुरंग, बाळासाहेब होते, आणि मुलींत गंगूबाई, कृष्णाबाई, शांता होत्या. साठ-सत्तरच्या दशकांतल्या आईबापांना त्यापेक्षा हलके, नवे काही हवे होते आणि किरण हे त्या काळी चांगलेच आधुनिक नाव होते. उच्चाराला सोपे, जोडाक्षर नाही, कोणा देवाचे नाही, त्यावरून जातीचा अंदाज बांधता येत नाही, आणि मुलगा होवो वा मुलगी, चालून जाते. पुढच्या पिढीने अमोल, सचिन, राहुल केले. आताच्या पिढीला कोणाचेच नसलेले नाव हवे असते आणि ते शोधता शोधता सगळेच आरव, विहान, अन्वी आणि रेयांश यांच्यापाशी येऊन थांबतात. यात माणसाच्या मनाचा एक चमत्कारिक हिशेब मला दिसतो. काकाचे, मावशीचे, ऑफिसातल्या साहेबाचे नाव बाळाला ठेवावेसे वाटत नाही. पणजीचे मात्र वाटते. म्हणून तारा परत आली, रमा परत आली. (कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा असलेल्या या गावात तारा मुळात गेलीच कशी होती, याचे मला नवल वाटते.) किरण, सुनील, संजय आणि सुनीता मध्येच अडकले, ते नवेही नाहीत आणि पुरेसे जुनेही नाहीत. चिरंजीवांना ऑफिसातले दोन किरण दिसतात ते याच मधल्या पट्ट्यातले. पण आपली नात ऑफिसात नव्हे, बालवाडीत जाणार आहे. तिथे 'आ' अक्षरावरून सुरू होणारी पाच-सहा नावे एकमेकांच्या हाकेला ओ देत असतील आणि किरण बहुधा एकटीच असेल.

आपल्या यजमानांनी धरलेला आग्रहही निव्वळ हौस म्हणून सोडून द्यावा असा नाही. देवीचे मुख पश्चिमेला आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकत असताना नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्षितिजाच्या ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो उत्तरेकडे परतताना फेब्रुवारीच्या आरंभी पुन्हा मावळतो. २२ डिसेंबरच्या सुमाराचा सर्वांत लहान दिवस मध्ये ठेवला तर १० नोव्हेंबर त्याच्या सहा आठवडे अलीकडे आणि १ फेब्रुवारी जवळजवळ तितकीच पलीकडे पडते. म्हणून ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा दोन खेपा परंपरेने मानल्या जातात. मावळतीचे किरण महाद्वारातून गरुड मंडपामार्गे गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, अशी अपेक्षा असते. दर वर्षी ते तसे पोचतातच असे नाही. ढग, हवेतला दमटपणा, धूळ आणि वाटेतली बांधकामे यांवर पुष्कळ अवलंबून असते.

धुळीवरून आठवले. किरण हा शब्द विखुरणे या अर्थाच्या 'कॄ' धातूपासून आला आहे. विकीर्ण आणि प्रकीर्ण हे त्याचेच भाऊबंद. ऋग्वेदात 'किरण' या शब्दाचा अर्थ चक्क धूळ, बारीक रज असा आहे. प्रकाशाची शलाका हा अर्थ नंतरचा. देवळातल्या अंधारात उन्हाचा जो तिरपा पट्टा गर्दीला दिसतो, तो त्यात तरंगणाऱ्या रजःकणांमुळेच दिसतो, आणि तेच कण फार झाले की तो पट्टा चरणांपर्यंत पोचत नाही. शब्दाचे दोन्ही अर्थ एका उंबऱ्यावर भेटलेले पाहायचे असतील, तर कोल्हापूरइतकी सोयीची जागा दुसरी नसावी.

राहिल्या आत्याबाई. त्यांना सांगा की 'कियारा' हे इटलीत प्रचलित असलेले स्त्रीनाव आहे आणि त्याचा अर्थ 'उजळ', 'स्वच्छ' असा होतो. म्हणजे आजोबा आणि आत्या एकाच अर्थासाठी दोन भाषांतून भांडत आहेत. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. पण शास्त्राप्रमाणे बाळाची देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे असतात, तेव्हा कुर्रऽ करताना एकाहून अधिक नावे सांगायला काहीच हरकत नाही. दाखल्यावर किरण आणि आत्याच्या तोंडी कियारा, असा तोडगा मी सुचवीन. बारसे लांबले याची चिंता नको. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नाव त्या नोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. एवढी वर्षे मात्र भांडू नका.

प्रश्न : माझे वय चौपन्न, नाव किरण, आणि मी पुरुष आहे. हे शेवटचे वाक्य मला आयुष्यात फार वेळा लिहावे लागले. एका बँकेची पत्रे मला गेली अनेक वर्षे 'श्रीमती' म्हणून येतात; तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा दिलगिरी आली, ती पुन्हा श्रीमतींच्याच नावे. १९९३ साली 'डर' हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातल्या नायिकेचे नाव किरण निघाले; तिच्या मागे लागलेला खलनायक तिला 'क-क-क-किरण' म्हणे, तेव्हा मित्रही मला वर्षभर तसेच अडखळत हाक मारीत होते. हे नाव मुलींकडे गेले म्हणून मुलांना ठेवणे बंद झाले का? आणि आता तरी पुढे 'कुमार' जोडून घ्यावे का?
एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : नावे मुलांकडून मुलींकडे जातात, ही गोष्ट जगात घडलेली आहे. इंग्लंडात एव्हलिन, लेस्ली, बेव्हर्ली ही नावे एके काळी पुरुषांची होती. कादंबरीकार एव्हलिन वॉ हे पुरुषच होते. मुलींना ती ठेवली जाऊ लागली तसतसे मुलांच्या आईबापांनी हात आखडते घेतले. याच्या उलट वाट फारशी चालत नाही, आणि त्यामागचे कारण आपण सगळे जाणतो : मुलीला मुलाचे नाव ठेवले तर कौतुक होते, मुलाला मुलीचे ठेवले तर चेष्टा होते.

आपल्या नावाच्या बाबतीत मात्र हे घडलेले मला दिसत नाही. किरण मुलींकडे गेले असते, तर माझ्या शेवटच्या वर्गांत किरण नावाच्या मुली दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ते कमी झाले. वर आजींना लिहिले तेच त्याचे कारण, पिढी बदलली. सार्वजनिक जीवनातले किरण पाहिले तरी तराजू कुठे कलत नाही. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला किरण बेदी, १९७८ साली बायोकॉन उभी करणाऱ्या किरण मजुमदार-शॉ, २००६ सालचे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाई आणि २०२२ साली भारताकडून खेळलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या क्रिकेटपटू किरण नवगिरे एका पारड्यात घातल्या, तर दुसऱ्या पारड्यात यष्टिरक्षक किरण मोरे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कादंबऱ्या लिहिणारे किरण नगरकर आणि अविभाजित आंध्र प्रदेशाचे शेवटचे मुख्यमंत्री एन. किरणकुमार रेड्डी बसतात. प्रांताप्रमाणे कल बदलतो एवढे खरे. तेलुगू आणि कन्नड मुलखात हे नाव ऐकले की बहुधा पुरुष डोळ्यांपुढे येतो, पंजाबात बहुधा स्त्री. आपण सीमेलगतचे लोक, आपल्याकडे दोन्ही आले. सुहास आणि स्नेहल या नावांचेही असेच आहे, आणि त्या नावांचे पुरुष आपल्यासारखीच पत्रे मला लिहितात.

चित्रपटाचा दोष मी मोठा मानीत नाही. त्याने एका पिढीला चेष्टेचे साधन दिले, आणि ते जेवढे आपल्याला भोवले तेवढेच त्या काळातल्या किरण नावाच्या मुलींनाही भोवले.

'कुमार' जोडायचे झाल्यास राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागेल, आणि मग आधार, पॅन, सातबारा, बँक, विमा, मुलांचे दाखले असा फेरा सुरू होईल. तो संपेस्तोवर आपण साठीला याल, आणि ज्या यंत्रात श्रीमती बसल्या आहेत ते यंत्र नावाकडे बघतच नाही. कधी काळी कोणीतरी चुकीचा भरलेला लिंगाचा रकाना ते वाचते. अर्ज नावाविषयी न करता त्या रकान्याविषयी करा, सोबत आधार कार्डाची प्रत जोडा आणि पोच घ्या. वडिलांचे नाव मध्ये घातल्याने काम भागेल असे पुष्कळांना वाटते. ते भागत नाही, कारण मुलीच्या नावापुढेही वडिलांचेच नाव असते.

प्रश्न : आम्ही नवराबायको दोघेही किरण. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याचा आग्रह झाला होता, तो आम्ही दोघांनी मोडून काढला. आता मार्चमध्ये बाळ होणार आहे. मुलगा की मुलगी हे आधी कळायचे नाही आणि कळूही नये, म्हणून दोघांनाही चालेल असे एक नाव आधीच ठरवून ठेवावे असे मनात आहे. शिवाय आता आईचे नाव लावायचे म्हणतात, मग आमच्या बाळाचे पूर्ण नाव कसे होईल?
दोन किरण, इचलकरंजी

उत्तर : आपल्या पत्राने या सदराच्या कार्यालयात दिवसभर करमणूक झाली, त्याबद्दल आधी आभार. राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बाळाची नोंद बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने होते. त्यामुळे आपल्या बाळाच्या नावापुढे 'किरण किरण' असे ओळीने दोनदा येईल आणि ते बरोबरच असेल. धोका एवढाच आहे की नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला ती आपल्याच हातची दुरुक्ती वाटेल आणि तो चांगल्या मनाने एक किरण खोडून टाकेल. कोणता खोडला हे मग देवालाही सांगता येणार नाही. दाखला छापण्यापूर्वी मसुदा स्वतः वाचून घ्या, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा एकच दाखला धरला जातो, आणि त्यावरची चूक बाळाबरोबर वाढत जाते. इंग्रजीतले स्पेलिंगही तिन्ही ठिकाणी, म्हणजे आईच्या, वडिलांच्या आणि बाळाच्या कागदांवर, एकच ठेवा. हल्ली हौसेने जास्तीची अक्षरे घालतात, ती आवरा.

नावाचे म्हणाल तर वर अमरकोशातली यादी दिली आहे, तिच्यातला 'अंशु' घ्या. मुलाला चालते, मुलीला चालते आणि फार कोणी ठेवीत नाही. अर्थ पुन्हा किरण असाच असल्यामुळे दाखल्यावर तीन किरण ओळीने उभे राहतील, पण वाचणाऱ्याला त्यांतले दोनच कळतील.

प्रश्न : किरणचे एवढे कौतुक चालते, आमचे कोणी विचारत नाही. माझे नाव शीतल. मी सत्तरीचा शेतकरी आहे. आमच्या भागात जैन घरांत हे पुरुषाचे नाव आहे, दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्यावरून ठेवतात. नातवाला हेच ठेवावे अशी माझी इच्छा होती, पण मुलगा आणि सून पुण्यात राहतात आणि तिथे हे फक्त मुलीचे नाव समजतात. हे नाव पुरुषांतून गेले असे समजायचे का?
एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : कोल्हापूर-सांगलीचा पट्टा सोडला की महाराष्ट्रात शीतल ही मुलगी असते, हे मान्य केले पाहिजे. तेरावे तीर्थंकर विमलनाथ. पण विमल म्हटले की बाकीच्या महाराष्ट्राला नऊवारीतली आत्या आठवते. आपल्या भागात ही नावे पुरुषांकडे राहिली ती बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मूर्तीमुळे. ज्याने लहानपणापासून 'शीतलनाथ' हे नाव ऐकले आहे, त्याला 'शीतल' ऐकून मुलगी दिसत नाही. पुण्यात ती ओळख देणारे आजूबाजूला कमी, म्हणून आपल्या मुलाची भीती मला खोटी वाटत नाही. तिथे 'शीतलनाथ' किंवा 'शीतलकुमार' असे पूर्ण नाव नोंदवावे आणि घरात शीतल म्हणावे, म्हणजे आपलेही राहील आणि त्यांचेही. ते नाव पुरुषांतून गेले असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी दहावीच्या वर्गावर हजेरी घेताना मी 'शीतल' असे पुकारले आणि सवयीने मुलींच्या बाकांकडे पाहिले. तिकडून उत्तर आले नाही. मी पुन्हा पुकारले, तेव्हा मुलांच्या रांगेतल्या शेवटच्या बाकावरून मिसरूड फुटलेला, चांगला उंचापुरा मुलगा उठून म्हणाला, ''हजर, सर.'' वर्गातले कोणीही हसले नाही, कारण निम्मी मुले शिरोळकडची बोर्डिंगात राहणारी होती आणि त्यांच्या गावोगावी असे शीतल होते. मी तेवढा मुलींच्या बाकांकडे बघत राहिलो होतो.